काचपेटीतून सातेरी पाहताना

मधपेटीचे झाकण उघडल्यावर जे दिसते ते मधमाश्यांचे रोजचे आयुष्य नसते. घरात चोर शिरल्यावर घरच्यांची जी तारांबळ उडते, तसे ते दृश्य असते. धूर लागताच कामकरी माश्या मध पोटात भरून घ्यायला धावतात, राणी उजेडापासून पळून पोळे धरून ठेवणाऱ्या लाकडी चौकटीच्या मागच्या बाजूला जाते, नाचणाऱ्या माश्या नाच थांबवतात. दहा मिनिटांनी झाकण लावले की सगळे पूर्ववत व्हायला काही तास लागतात. मोहोळात एरवी काय चालते हे पाहायचे तर पोळे आणि डोळे यांच्यामध्ये काच हवी, आणि त्या काचेवर बहुतेक वेळ पडदा हवा.

ही माहिती सातेरी माशीसाठी आहे. महाबळेश्वरच्या डोंगरापासून कोकणातल्या परसबागांपर्यंत, झाडाच्या ढोलीत आणि जुन्या घराच्या भिंतीत राहणारी ती हीच. आग्या माशीचे पोळे उघड्यावर एकच असते आणि त्याच्या जवळ जाणे जिवावर बेतू शकते, म्हणून ती दुर्बिणीतूनच पाहावी. फुलोरीचेही पोळे एकच, झुडपाच्या फांदीला लटकलेले. तिचा नाच पोळ्याच्या सपाट माथ्यावर उघड्या आकाशाखाली चालतो, त्यामुळे तिला काचेची गरजच नाही. सातेरी मात्र अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी बांधते. तिच्यासाठीच काचपेटी.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. सातेरी स्वभावाने भित्री आहे. तिला सारखे छेडले, खायला कमी पडले किंवा ऊन लागले, तर ती अंडी-पिल्ले टाकून घर सोडून जाते. एका-दोन चौकटींच्या काचपेटीत तिला ऊबही पुरेशी राखता येत नाही, कारण पोळ्याच्या दोन्ही अंगांना शेजारचे पोळे नसून गार काच असते. म्हणून काचपेटी वर्षभर चालवायचा हट्ट धरू नका. तीन ते पाच आठवड्यांचा मुक्काम ठरवा आणि नंतर चौकटी मोठ्या पेटीत परत द्या. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला सातेरीत १९ दिवसांच्या आसपास लागतात, म्हणजे एवढ्या मुदतीत एक पिढी पूर्ण पाहून होते.

पेटी बांधताना

ज्या पेटीतून चौकटी येणार, तिच्याच चौकटीची बाहेरची मापे घ्या. बाजारातल्या सातेरीच्या पेट्यांची मापे सारखी नसतात, कागदावरच्या मापाने केलेल्या काचपेटीत चौकट बसत नाही, असे नेहमी होते. दोन चौकटी एकावर एक बसतील अशी उभी पेटी करा. खाली अंडी-पिल्लांची चौकट, वर मध-परागाची. लाकूड १८ मिमी जाडीचे, चांगले वाळलेले. आतून रंग, वॉर्निश, वाळवीचे औषध काहीही लावू नका. बाहेरून रंग द्यायचा तर पेटी भरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, वास पूर्ण उडेपर्यंत.

सगळ्यात महत्त्वाचे माप म्हणजे दोन काचांमधले अंतर. सातेरीच्या अंडी-पिल्लांच्या पोळ्याची जाडी साधारण २० ते २२ मिमी असते. दोन्ही बाजूंना माशीला चालायला ८ मिमीच्या आसपास जागा लागते. म्हणून काचेपासून काचेपर्यंत ३८ मिमी ठेवा. हे अंतर ४५ मिमी झाले (मेलिफेरा म्हणजे युरोपीय मधमाशी, तिच्यासाठीच्या आराखड्यांत बहुधा तेवढेच असते, आणि चूक तिथूनच होते) तर सातेरी मोकळ्या जागेत काचेला चिकटून मेणाचे पूल बांधते. मग पोळे दिसत नाही आणि काच काढली की ते फाटते. उलट अंतर ३४ मिमीच्या खाली गेले तर माश्या काचेवर घासत चालतात आणि राणी अंडी घालायला पोळ्यातल्या षट्कोनी घराच्या तोंडाशी नीट वळू शकत नाही. चौकटीची बाजू आणि पेटीची भिंत, खालची चौकट आणि वरची चौकट यांच्यामध्येही तेच ८ मिमी. तळाशी १० मिमी चालेल.

काच ५ मिमी जाडीची, शक्यतो टफन्ड, कडा घासलेल्या. अॅक्रिलिकचा पत्रा स्वस्त आणि न फुटणारा असला तरी उबेने मधोमध फुगतो, मग जागेचे गणित बिघडते. शिवाय मेण खरवडताना त्यावर ओरखडे उठतात आणि दोन आठवड्यांत तो धूसर होतो. काच खाचेत न चिकटवता लाकडी फिरत्या अडकणांनी धरा, म्हणजे गरज पडली तर एक बाजू उघडता येईल.

हवेसाठी दोन्ही उभ्या भिंतींना वर-खाली २५ मिमी व्यासाची चार भोके पाडा आणि आतून तारेची बारीक जाळी लावा. माथ्यावर २० मिमीचे एक भोक पाक देण्यासाठी. त्यावर तशीच जाळी आणि जाळीवर झाकणाला बारीक छिद्रे पाडलेली छोटी बरणी उपडी ठेवायची. तळफळी ३० सेंमी रुंद घ्या आणि तरीही पेटीचा माथा भिंतीला पट्टीने बांधा. मधाने भरलेल्या चौकटी असलेली उभी अरुंद पेटी सहज कलंडते.

दोन्ही काचांवर बसतील अशा झडपा हव्याच. पातळ प्लायवूडला आतून १२ ते १५ मिमी थर्माकोल चिकटवला की अंधार आणि ऊब दोन्ही मिळतात. जाड घोंगडी गुंडाळूनही चालते, पण पाहताना ती ओढली जाते आणि पेटी हलते.

पेटीचे दार म्हणजे एक पारदर्शक नळी, आतून २० ते २५ मिमी, खिडकीच्या चौकटीतून बाहेर जाणारी. लांबी दोन फुटांपेक्षा जास्त नको. बाहेरच्या टोकाकडे थोडा उतार द्या, नाहीतर पावसाचे पाणी आत येते आणि मेलेल्या माश्या बाहेर काढायला कामकऱ्यांना चढ पडतो. गुळगुळीत नळीत माश्यांचे पाय घसरतात. आतल्या तळाला मच्छरजाळीची अरुंद पट्टी टाका. नळी आणि पेटी जिथे जोडली जाते तिथे पत्र्याच्या दोन सरकत्या पट्ट्या बसवा, एक पेटीच्या बाजूला, एक नळीच्या बाजूला. पेटी हलवायची वेळ आली की दोन्ही बंद करून नळी सोडवता येते. हे आधी केले नाही तर नंतर खोलीभर माश्या होतात.

जागा आणि वेळ

उत्तरेकडची भिंत उत्तम. काचेवर थेट ऊन क्षणभरही पडता कामा नये. मेण वितळते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला, पण चाळिशी ओलांडली की मधाने जड झालेले पोळे मऊ पडून चौकटीतून सुटू लागते. बंद काचेत उन्हाने तेवढे तापमान काही मिनिटांत गाठले जाते. पेटीजवळ वॉशिंग मशीन, मिक्सर, दणकन लागणारे दार नको. नळीचे बाहेरचे तोंड अंगणापासून किमान अडीच मीटर उंच, किंवा समोर झुडपांचा आडोसा असा, की माश्यांना उंच उडूनच बाहेर पडावे लागेल आणि त्यांच्या वाटेत माणूस येणार नाही. घरात कोणाला मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर घरात काचपेटी ठेवू नये. यावर तडजोड नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वात चांगला. आधी गेळा, मग जांभूळ, पुढे हिरडा असा फुलोरा मिळत जातो. पठारावर थंडी ओसरल्यावर, शेवगा, कांद्याचे बियाणे, करडई, कोथिंबीर, सूर्यफूल आसपास असेल तेव्हा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, काचपेटी भरू नका. त्या दिवसांत मोठ्या पेटीलाच पाक द्यावा लागतो, दोन चौकटींची वसाहत तर उपाशी मरते किंवा उडून जाते.

माश्या भरणे

मूळ वसाहत सहा-सात चौकटी माश्यांनी झाकलेली, निरोगी, असावी. तिच्यातून दोन चौकटी घ्यायच्या. पहिलीत अंडी, वेगवेगळ्या वयाच्या अळ्या आणि टोपण घातलेले कोष, सगळे हवे आणि पोळे सपाट हवे. दुसरीत मध आणि पराग. मधाचा भाग फुगीर असेल तर ती चौकट घेऊ नका. ३८ मिमीत ती काचेला टेकेल.

राणी कुठे ठेवायची? पहिल्यांदाच करणाऱ्याने राणीसह चौकट काचपेटीत घ्यावी. मूळ पेटीत अंडी आणि कोवळ्या अळ्या ठेवल्या की ती वसाहत नवी राणी तयार करते. मात्र नव्या राणीच्या मिलनासाठी पेटीत नर आहेत ना आणि हवामान मोकळे आहे ना, हे पाहा. राणीविना काचपेटीही अभ्यासाची असते, तिच्यात राणीघर बांधताना पाहायला मिळते, पण ते दुसऱ्या खेपेला. सातेरीच्या कामकऱ्या राणी नसली की फार लवकर स्वतः अंडी घालू लागतात आणि मग ती वसाहत सावरणे अवघड जाते.

काम संध्याकाळी करा. राणीची चौकट सापडली की ती अलगद खालच्या खाचेत बसवा, मधाची वर, आणि काच लावण्याआधी अजून दोन चौकटींवरच्या माश्या आत झटका. त्यांतल्या वयस्क माश्या दुसऱ्या दिवशी जुन्या घरी परत जातात, म्हणून सुरुवातीला दाटी वाटली तरी चालेल. चौकटीच्या दोन्ही बाजूंवर माश्यांचे अखंड आवरण नसेल तर पिल्लांना ऊब मिळत नाही. अंडी-पिल्लांच्या भागाला ३३ ते ३६ अंशांच्या दरम्यान तापमान लागते. काचपेटी मूळ पेटीपासून तीन किलोमीटरपेक्षा दूर नेली तर परतीचा प्रश्नच राहत नाही. तेवढे जमत नसेल तर पेटी एक पूर्ण दिवस अंधाऱ्या गार खोलीत बंद ठेवा, वरून पाक द्या, आणि दुसऱ्या दिवशी मावळतीला दार उघडा.

पाक म्हणजे वजनाने एक भाग साखर, एक भाग पाणी. पाणी उकळून उतरवावे, मग साखर विरघळवावी. साखर घातल्यावर कढवत बसू नये. रोज संध्याकाळी १०० ते १५० मिली पुरे. थेंब बाहेर सांडला तर मुंग्या येतात आणि शेजारच्या मोहोळाच्या माश्या लुटायला येतात. गुळाचा पाक देऊ नका, त्याने माश्यांना हगवण लागते.

पहिले तीन दिवस झडप उघडायची नाही. ही अट जाचक वाटते, पण पहिल्याच संध्याकाळी शेजारीपाजाऱ्यांना बोलावून दाखवलेल्या काचपेट्या चौथ्या दिवशी रिकाम्या असतात. माश्या पाय घट्ट टेकवून बसल्या आहेत याची खूण बाहेरून मिळते. नळीतून येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसू लागले, म्हणजे आत अळ्या वाढवल्या जात आहेत. मग पाहायला सुरुवात करा. झडपेवर बोटाने हलकी टिचकी मारली तर आतून एक लांब फुस्कारा ऐकू येतो, सगळ्या माश्या एकदम अंग थरथरवतात त्याचा तो आवाज. सातेरीची ही सवय आहे. मेलिफेरात ती नाही. एकदा ऐकून झाल्यावर पुन्हा टिचकी मारू नका.

पाहायचे कसे

नवखे लोक काचेसमोर बसून राणी शोधत राहतात आणि वीस मिनिटांनी कंटाळतात. त्याऐवजी पोळ्याचा एकच तुकडा निवडा. काचेवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवा आणि त्यावर मार्करने साधारण दहा बाय दहा घरांचा चौकोन आखा. प्रत्येक घर रोज एकाच वेळी पाहायचे आणि वहीत खूण करायची. अं म्हणजे अंडे, अ म्हणजे अळी, ट म्हणजे टोपण, म म्हणजे मध, प म्हणजे पराग, रि म्हणजे रिकामे. रोज दहा मिनिटे. दोन आठवड्यांनी त्या शंभर घरांची वही जे सांगते, ते तासन्‌तास इकडेतिकडे पाहूनही कळत नाही. अंडे तीन दिवस, अळी चार ते पाच दिवस, टोपणाखाली अकरा-बारा दिवस, हा क्रम आपल्या डोळ्यांनी जुळला की कुठे काय बिघडले तेही कळू लागते. ज्या घरात काल अळी होती आणि आज काहीच नाही, तिथे कामकऱ्यांनी ती उपसून काढली आहे. असे एखादे घर दिसले तर चिंता नाही, पण दिवसाला आठ-दहा घरे अशी रिकामी होऊ लागली तर खायला कमी आहे किंवा रोग आहे.

उजेड पाहताना लाल ठेवा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर लावले की रात्रीही पाहता येते. साध्या उजेडात पाच ते दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ झडप उघडी नको.

अंडी पाहण्यासाठी भिंग आणि तिरपा उजेड लागतो. सातेरीचे कामकरी घर पाच मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि अंडे म्हणजे तळाशी उभा केलेला पांढरा धागाच. पहिल्या दिवशी ते उभे, नंतर कलते, तिसऱ्या दिवशी आडवे. घालणाऱ्या राणीला पाहायचे तर तिच्या चालीवर लक्ष ठेवा. ती आधी घरात डोके घालून तपासते, मग वळून पोट आत सोडते. तिच्याभोवती आठ-दहा माश्यांचे कडे असते, सगळ्यांची तोंडे तिच्याकडे. त्या तिला भरवतात, चाटतात आणि मग पोळ्यावर फिरताना तिचा वास बाकीच्यांपर्यंत पोहोचवतात. राणीवर खुणेचा ठिपका द्यायचा असेल तर जगभर पाळला जाणारा रंगसंकेत आहे: सालाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. पण सातेरीची राणी हाताळणे सवयीच्या हाताचेच काम आहे.

कामकऱ्यांना खुणा देणे त्या मानाने सोपे आणि फार उपयोगी. घरातून नुकतीच बाहेर पडलेली माशी करड्या रंगाची, मऊ, केसाळ दिसते. पहिले काही तास तिला उडताही येत नाही आणि डंख मारता येत नाही. अशा वीस-तीस माश्यांच्या पाठीवर, पंखांच्या मधोमध, पाण्यात मिसळणाऱ्या पोस्टर रंगाचा बारीक ठिपका द्या, काडीपेटीच्या काडीच्या टोकाने. डोळ्यांवर किंवा पंखांच्या सांध्यावर रंग गेला तर ती माशी वाया जाते. त्यासाठी काच थोडी सरकवावी लागते, म्हणून हे एकदाच, संध्याकाळी करावे. पुढचे तीन आठवडे ठिपकेवाल्या माश्या काय करतात ते नोंदवत राहा. पहिल्या दिवसांत रिकामी घरे चाटून साफ करणे, मग अळ्यांना भरवणे, त्यानंतर बाहेरून आलेला मकरंद तोंडातोंडी घेणे आणि मेण काढणे, पुढे दारावर पहारा, आणि शेवटी बाहेरची कामे. हा क्रम ढोबळ आहे. दोन चौकटींच्या वसाहतीत भरवणाऱ्या माश्या कमी पडल्या तर वय झालेल्याही पुन्हा ते काम करताना दिसतात, आणि ते पाहायला मिळणे हाच खुणा देण्याचा खरा लाभ.

नरांची घरे ओळखायला सातेरीत एक सुंदर खूण आहे. त्यांची टोपणे उंच, टोकदार असतात आणि टोकाला टाचणीने केल्यासारखे एक भोक असते. नवशिके ते भोक रोगाचे समजतात. ते स्वाभाविक आहे.

दारातल्या पंखा घालणाऱ्या माश्याही पाहा. सातेरी तोंड बाहेर करून पंख हलवते, म्हणजे हवा आत ढकलते. मेलिफेरा तोंड आत करून हवा बाहेर ओढते. नळी पारदर्शक असल्यामुळे हे स्पष्ट दिसते.

नाच वाचणे

काचपेटी ठेवण्याचे सर्वात मोठे कारण हेच. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडला आणि १९७३ सालच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. त्यांनीही काचेच्या पेट्यांतूनच पाहिले.

नाच बहुधा खालच्या चौकटीवर, दाराजवळ होतो. चारा गोळा करून आलेली माशी सरळ रेषेत पोट डावी-उजवीकडे हलवत धावते, मग अर्धवर्तुळ घेऊन सुरुवातीच्या जागी येते, पुन्हा तशीच धावते, या वेळी दुसऱ्या बाजूने वळते. इंग्रजी आठाचा आकडा. महत्त्वाची ती मधली थरथरती धाव. तिची दिशा आणि तिचा वेळ, एवढेच मोजायचे.

दिशेसाठी काचेसमोर एक ओळंबा लटकवा, गवंड्याचा असतो तोच, लहान. पेटी सरळ उभी आहे की नाही तेही त्याने कळते. ओळंब्याच्या दोरीवर पारदर्शक कोनमापक धरा. सरळ वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा. धाव वरच्या रेषेच्या उजवीकडे ४० अंशांवर असेल, तर फुले सूर्याच्या दिशेपासून उजवीकडे ४० अंशांवर आहेत. आता त्या क्षणी सूर्य कुठे आहे ते हवे. अंगणात सरळ काठी रोवा आणि होकायंत्राने तिच्या सावलीची दिशा मोजा. सूर्य तिच्या बरोबर विरुद्ध. समजा सावली उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने ३०० अंशांवर आहे. सूर्य १२० अंशांवर झाला. त्यात ४० मिळवले की १६०, म्हणजे जवळजवळ दक्षिण, थोडे पूर्वेकडे झुकलेले. धाव डावीकडे असती तर वजा करायचे. हे सगळे दहा मिनिटांच्या आत करा. सूर्य सरकतो, आणि तासाभराने त्याच झाडाचा नाच वेगळ्या कोनात दिसतो.

एकाच धावेवर विश्वास ठेवू नका. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून एका माशीच्या आठ-दहा धावा मोजा आणि सरासरी घ्या. एकाच नाचातल्या धावा एकमेकींपासून दहा-पंधरा अंशांनी इकडेतिकडे होतात.

थरथरती धाव जितकी लांब चालते तितके ठिकाण दूर. पण किती सेकंद म्हणजे किती मीटर, याचे युरोपीय माशीचे आकडे सातेरीला लावू नका. सातेरी जवळच्या फुलांसाठीही लांब थरथरते. तिचे उडण्याचे टापूच लहान आहे. स्वतःचे प्रमाण काढणे शक्य आहे. ठळक निळ्या रंगाच्या बशीत बडीशेपेच्या अर्काचा थेंब टाकलेला पाक घेऊन ती नळीच्या तोंडाजवळ ठेवा. माश्या बसू लागल्या की बशी पाच-पाच, मग दहा-दहा मीटर दूर न्या, प्रत्येक टप्प्यावर माश्या परत येईपर्यंत थांबत. बशीवरच्या माश्यांना रंगाचा ठिपका द्या. १०० मीटर, २०० मीटर, ३०० मीटर अंतरावर त्यांच्याच नाचाचा वेळ मोजा आणि आलेख काढा. यासाठी फुलोरा कमी असलेला दिवस निवडा. जांभूळ ऐन भरात असताना साखरेच्या पाण्याकडे एकही माशी फिरकत नाही.

भर दुपारी, विशेषतः शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास, हा प्रयोग करू नका. पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तेव्हा त्याला दिशाच राहत नाही. त्या काही मिनिटांत माश्यांचे नाचही विस्कळीत होतात. मोजायचे नसेल तर मात्र तेच पाहण्यासारखे आहे.

नाचासारखी दिसणारी इतरही हालचाल असते. एखादी माशी अंग थरथरवत, वेडीवाकडी, सगळ्या पोळ्यावर भटकत असेल तर ती बहुधा मकरंद घेऊन आली आहे आणि घेणारी माशी तिला लवकर सापडली नाही. तिच्या भटकण्याने जास्त माश्या मकरंद घ्यायला पुढे येतात. नाचणाऱ्या माशीला दुसरी येऊन डोक्याने टक्कर देते आणि नाच बंद पडतो, तेही दिसेल. ज्या फुलांवर गांधीलमाशीचा धोका आहे तिकडे जाणे थांबवायला सातेरी हा इशारा वापरते.

बिघडते कुठे

मुंग्या हा पहिला शत्रू. पेटी ज्या टेबलावर आहे त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पाण्यावर थोडे तेल टाका. भिंतीला बांधलेल्या पट्टीवरून मुंग्या येतात हे विसरले जाते. तिथे ग्रीसचा पट्टा ओढा.

दुसरा शत्रू मेणकिडा, म्हणजे मेणपतंगाची अळी. सातेरी जुने पोळे कुरतडून त्याचा भुगा तळाला टाकते आणि त्या भुग्यातच मेणपतंग अंडी घालतो. काचपेटीच्या तळाला पाच-सहा दिवसांनी जमलेला भुगा पातळ पत्र्याच्या पट्टीने ओढून काढा. त्यासाठी तळाशी एका बाजूला बुच बसवलेली खाच ठेवली तर काच उघडावी लागत नाही. पोळ्यावर जाळ्यासारखे पांढरे बोगदे दिसले तर ती चौकट वाचवत बसू नका, काढून टाका.

टोपण न घातलेल्या घरात अळी उताणी, डोके वर उचललेले, पिवळसर, चिमट्याने उचलली तर पाण्याच्या पिशवीसारखी येते, ही थाई सॅकब्रूड या विषाणूची खूण. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती याच रोगाने मोठ्या प्रमाणात संपल्या. यावर औषध नाही. निरीक्षण थांबवा, ती पेटी इतर पेट्यांत मिसळू नका आणि हात, पटाशी, काच सगळे धुऊन घ्या.

एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही तळाला नसून भिंतीला चिकटलेली, याचा अर्थ राणी नाही आणि कामकऱ्या अंडी घालत आहेत. अशा वेळी चौकटी मूळ पेटीजवळ नेऊन माश्या बाहेर झटकाव्यात, त्या आपापल्या परी त्या पेटीत शिरतात.

घर सोडण्याची तयारी मात्र आधी कळते, वही ठेवली असेल तर. राणीची अंडी कमी होतात, तिचे पोट बारीक दिसते, नवे पराग येणे थांबते, साठवलेला मध उघडून खाल्ला जातो. आणि बाहेरून काहीच न आणता माश्या लांबलचक थरथरीचे नाच करू लागतात. हे दिसले की त्याच संध्याकाळी चौकटी मोठ्या पेटीत परत द्या. दाराला राणी अडवणारी जाळी लावून तिला कोंडून ठेवण्याचा मोह होतो. जाळी सातेरीच्या मापाची असली तर राणी अडते खरी, पण उपाशी किंवा तापलेली वसाहत कोंडून ठेवल्याने ती सावरत नाही.

दंश झाला तर काटा लगेच काढा, नखाने खरवडून किंवा चिमटीने, कसाही, कारण उशीर झाला तर जास्त विष अंगात जाते. श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना.

परत देताना

मूळ पेटीत आता नवी राणी असेल. जुनी राणी तशीच आत सोडली तर दोघींपैकी एक मरते, आणि कोणती ते आपल्या हाती नसते. म्हणून दोन चौकटी राणीसह लहान पेटीत वेगळ्या ठेवा आणि तिला वाढू द्या. किंवा राणी काढून घेऊन चौकटी मूळ पेटीत घाला, दोन्ही माश्यांमध्ये एक दिवस वर्तमानपत्राचा बारीक भोके पाडलेला कागद ठेवून. कागद कुरतडून त्या एकत्र होईपर्यंत दोन्हींचा वास एक झालेला असतो आणि भांडण होत नाही.

काचांवरचे मेण पट्टीने खरवडा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, साबण नको, त्याचा वास राहतो. न वापरलेले पोळे ठेवायचे असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे मेणपतंगाची अंडी मरतात, आणि त्याच पिशवीत, न उघडता, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ठेवून द्या.